कपबशीची तीन मतं

(१९९५. नवी मुंबईतलं खाडीकाठचं एक गाव. महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीची मतमोजणी परवा झाली. ओटीवर नामा, त्याची बायको विमलबाई आणि मुलगी उन्नती. देवळाकडून बोलावणं यायचं आहे.)

विमलबाई: नुसता हात ठेवायचा नारलावर आनि बोलायचं, आमच्या घरानं गावाच्या शब्दाप्रमानं मत दिलं. येवढंच. जीभ झडनार हाय काय तुमची?

नामा: मी नाय दिलं तसं.

विमलबाई: ते मना ठाव हाय. देवीला ठाव हाय. तिसऱ्याला कशाला सांगायचं?

नामा: देवीपुढंच तर बोलायचंय गो.

उन्नती: आई, हळू बोल. आवाज बाहेर जातो.

विमलबाई: जाऊ दे. आज ना उद्या जानारच हाय. आपल्या शालेतल्या पेटीत सहाशे अकरा शिक्के पद्माकरशेठला, आनि तीन त्या कपबशीला. कोन ती कपबशी? पलीकडच्या गावची, बालवाडीची चांगुनाबाई. पोरांना गानी शिकवते. ती काय निवडून येनार व्हती?

नामा: नव्हती येनार.

विमलबाई: मग?

नामा: मग कोनाला देऊ? दुसरा उभा व्हता बालारामशेठ, त्यानं मसनवटीवर भराव टाकला. माझ्या बापाला जिथं जालला, तिथं प्लॉट पाडून बसलाय तो. आनि पद्माकरचं तर तोंड बगवत नाय.

उन्नती: पण पद्माकरशेठ आला ना निवडून? तीन मतांचं त्याला कसलं टेन्शन?

नामा: त्याला नाय, गावकीला हाय. देवलात सगल्यांनी शब्द दिल्ता, एक मत फुटनार नाय. फुटलं, म्हंजे गावकीचं नाक गेलं. म्हनून एकेका घरवाल्याला बोलवून सगल्या घराची शपथ घेतात.

विमलबाई: आनि हे तिथं जाऊन हरिश्चंद्र व्हनार. वालीत टाकतील आपल्याला. आजपासून नवव्या दिवशी पोरीचं लगीन हाय. मांडवाला कोन हात लावंल? धवलारीन सकालीच सांगून गेली, गावकीचा नकार असंल तर मी गायला यायची नाय. ती गायल्याबगर लगीन लागतं काय आपल्यात? मोऱ्याची, तिच्या सासरची मानसं तर वालीतल्या घरची पोरगी उंबऱ्याला पन उभी करनार नाय.

नामा: अरविंदची गोजरा आल्ती दुपारी.

विमलबाई: ती कशाला?

नामा: तिचं पन मत कपबशीला. नारलावर हात ठेवून खोटं बोलायचं नाय जमनार, म्हनते.

विमलबाई: तिचं काय जातंय? ना पोर ना बाल.

नामा: सगलंच जातंय. मच्छी इकायची जागा गावकीची, पानी गावकीच्या नलाचं. एकटी बाई, जाईल कुठं?

उन्नती: काकी पद्माकरशेठला मत देईलच कशी? अरविंदकाका त्याच्याच डंपरखाली गेला.

विमलबाई: डायवरनं मारला त्याला. डायवर जेलात गेला.

नामा: डायवर नव्हता चालवत.

विमलबाई: झालं तुमचं चालू.

नामा: पद्माकरचा पुतन्या व्हता गाडीवर. मी बांदावर जालं सुकवत व्हतो, या डोल्यांनी बगितलं. गावकी बोलली, नामा, गप बस, गावातलं गावात ठेव. पोलीस आले, मी बोललो, मना काय दिसलं नाय. चार वर्सं झाली. गोजराच्या हातचा चा पितो मी, आनि तिला अजून सांगितलेलं नाय.

उन्नती: बाबा, हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही.

नामा: कुठल्या तोंडानं बोलू? लाज वाटते मना. मतदानाला शिक्का मारायला आडोशाला गेलो, तवा वाटलं, हितं तरी कोन गप बस म्हननारा नाय.

विमलबाई: मी काय दगड हाय? मना पन गोजराच्या डोल्याला डोला देववत नाय. बरं, सांगा तुमचं एक मत. दोन राहतातच. ती हुडकायला पुढच्या घरी जातील. पुढचं घर कोनाचं? गोजराचंच. मग काय वाचवलंत तिला?

नामा: खरं हाय तुझं.

विमलबाई: मग माझं ऐका.

नामा: तिन्ही आपलीच सांगतो. आपल्या घरात मतं तीनच. तीन भेटली की शपथा थांबल्या.

विमलबाई: मी पद्माकरला शिक्का मारलाय. म्हंजे देवीपुढं खोटंच बोलनार ना? माझ्या खोट्यात पोरीचं लगीन तरी लागत व्हतं.

नामा: तुझ्या खोट्यात आपन सुटतो, आनि गोजरा एकटी सापडते. मागल्या टायमाला तेच केलं मी.

विमलबाई: आनि तो तिसरा? त्याला तर तुमी वलखत पन नाय.

नामा: नाय वलखत. बसला असंल कुठंतरी घाबरून, माझ्यासारखा.

उन्नती: भगवानकाका आले.

भगवान: नामा, चल रे. तुझ्या घराची पाली. कारभारी थांबलेत.

नामा: तू हो पुढं, भगवान. चपला घालून आलोच.

विमलबाई: ऐका. दोन सांगा. तुमचं आनि माझं. मी खाली मान घालून घेते. पोरीला नका वडू यात. आपलं आपन भोगू, ती तरी मोऱ्याला जाईल.

नामा: उन्नती, तुझं मत कोनाला गेलं?

उन्नती: पद्माकरशेठला. आईने सांगितलं तसं.

नामा: मग दोनच सांगतो.

उन्नती: दोन सांगितली तर तिसऱ्यासाठी काकीच्याच दारात जातील. तीन सांगा, बाबा. मोऱ्याला मी फोन करते. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.