कोरी छाती

(दादाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. शटर अर्धं खाली.)

धाकटा : ...म्हणून विम्याच्या त्या डॉक्टरीणबाईंनी शर्ट काढायला सांगितला, आणि माझ्या छातीकडे बघतच राहिल्या.

दादा : तपासणीच ती. बघणारच.

धाकटा : विमा कंपनीने माझ्या जुन्या नोंदी काढल्यात, दादा. दोन वर्षांपूर्वी बायपास, असं लिहिलंय. आणि इथे छाती कोरी. एक टाका नाही.

दादा : मग काय म्हणालास?

धाकटा : काय म्हणणार? जखम फार छान भरली म्हणू? शर्ट हातात घेऊन बाहेर पडलो. बटणं जिन्यात लावली.

वहिनी : बसा आधी, भाऊजी. घाम पुसा.

दादा : दवाखान्याची चूक म्हणावं. नावासारखी नावं असतात.

धाकटा : कार्ड माझं, नाव माझं, तेव्हाचा कंपनीचा विमा माझा. तुझा विमा नव्हता, मीच कार्ड दिलं, मान्य. पण तू माझ्या नावावर तिथे ऑपरेशनला झोपलास. वहिनींनी माझी बायको म्हणून सही केली.

वहिनी : तेव्हा हसला होतात दोघं.

धाकटा : मी कुठला हसतोय? मी घरात कोंडून घेतलं होतं. गोदामातली माणसं भेटायला आली, तर गळ्यापर्यंत चादर ओढून कण्हत होतो. कामावर गेलो तर मला उचलून टेबलापाशी बसवलं. जड उचलायचं नाही म्हणे. कंटाळून शेवटी नोकरीच सोडली.

दादा : हे कधी बोलला नाहीस.

धाकटा : आता बोलतोय. नोकरीबरोबर तो विमाही गेला. स्वतःचा घ्यायला गेलो, तर कागदावर मी हृदयरोगी. खरं सांगितलं तर लबाड. उद्या मला काही झालं तर माझी पोरं कुणाच्या दारात उभी राहणार? सोमवारी खुलासा द्यायचाय.

दादा : माझं नाव तेवढं घेऊ नकोस.

धाकटा : मग कुणाचं घेऊ?

दादा : पोलीस आले तर दुकान बसेल रे.

वहिनी : आणि तुमच्या तपासण्या?

दादा : तू मध्ये बोलू नकोस.

वहिनी : दोन वर्षं बोललेच नाही. भाऊजी, ऑपरेशननंतर हे एकदाही डॉक्टरकडे गेले नाहीत. गेले तर परत तुमच्याच नावाने जावं लागेल, म्हणून. धाप लागली की मशीन चालू करतात. मला ऐकू जाऊ नये म्हणून.

धाकटा : दादा?

दादा : लागते थोडी. जिना चढताना.

धाकटा : वेडा आहेस का तू?

दादा : शुद्धीवर येत होतो ना, तेव्हा नर्स तुझ्या नावाने हाका मारत होती. डोळे उघडेनात. मला वाटलं, तुलाच काहीतरी झालंय आणि तू ओ देत नाहीस. फार घाबरलो. मग मीच ओ दिली.

वहिनी : सोमवारी किती वाजता?

धाकटा : दहाला.

वहिनी : मी येते. सही माझी आहे.

धाकटा : विमा मिळायचा नाही, वहिनी. ऑपरेशनचे पैसेही परत मागतील.

दादा : मागू देत. मी येतो. शर्ट कुठला घालू?

धाकटा : कुठलाही घाल. काढायचाच आहे.