संकासुराचा वेश

बोरिवलीच्या चित्रपटगृहाबाहेर तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या वनमालाबाईंच्या कानी मागच्या आजोबा-नातवाचा संवाद येत होता.

“आजोबा, वज्रवीरचे सिनेमे नवा नट घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेत. मराठी डबिंगमध्ये त्याचा आवाज माझा. हा सिनेमा पडला, तर पुढच्या वेळी आवाजही नवा घेतील. माझी वाट लागली!”

“आमच्या दशावतारात संकासुर दरवर्षी मरता, पुढच्या जत्रेक परत नाचता.”

“संकासुर नाचेल हो. माझं काय?”

“माझे गुडघे गेले, तेव्हा माझो वेश दुसऱ्याक दिल्यानी.”

“मग तुम्ही?”

“झांजेवर बसलंय.”

रांग सरकली. वनमालाबाई संथ पावलांनी पुढे झाल्या. कान मात्र मागेच होते.

“आणि तो नवा? कसा नाचायचा?”

“माझ्यापेक्षा बरो. झांज माझी होती मा!”