जर्मन डब्याचं लेबल

जर्मन सैन्याच्या डब्यावर श्री काढणारा पेंटर मी एकटाच असेन.

बहात्तरच्या आसपास शेवगावात आमच्या मंडळाने जर्मन सैनिकांवर नाटक बसवलं. मी दुकानांचे बोर्ड रंगवायचो, म्हणून सैनिकांच्या हवाबंद जेवणाच्या डब्यांची लेबलं माझ्या गळ्यात पडली. जर्मन डबा गावात कुणी पाहिलेला? शेवटी मारुती हवालदारांकडे गेलो. ते लढाईत दोन वर्षं जर्मनांच्या कैदेत होते.

हवालदारांना इंग्रजीसुद्धा वाचता येत नव्हतं, पण त्यांनी ओट्यावरच्या धुळीत बोटाने एकेक अक्षर काढून दाखवलं. कुठली रेघ तांबडी, कुठली काळी, तेही सांगितलं. मी तुपाच्या रिकाम्या डब्यावर कागद चिकटवून तसंच्या तसं रंगवलं आणि त्यांना नेऊन दाखवलं.

त्यांनी डबा फिरवून पाहिला. म्हणाले, "समदं बराबर हाय. तेवढा वरचा श्री खोड."

माझा हात सवयीचा. बोर्ड कुठलाही असो, आधी श्री, मग बाकीचं.

"राहू द्या की, आबा. लांबून कुणाला दिसतोय?"

"आरं, आत डुकराचं मटन असायचं."

मी श्रीवर रंग फिरवला. पण राहवेना, म्हणून विचारलं, "आबा, तीस वर्षं झाली. एवढं बारीकसारीक ध्यानात कसं राहिलं? रोज खायचात काय?"

"खायाचे ते. आमी समोर बसून डबा बघायचो."