बोडिलचं पोट

आस्ता : ती मंडळाची किल्ली उचल आधी. अशी बाकावर ठेवून मागच्या मागे सटकायचं नाही.

बोडिल : सटकत कुठं होते? तुला सांगूनच जाणार होते. तू पाण्यात होतीस, म्हणून म्हटलं...

आस्ता : म्हणून चोरासारखी दारापर्यंत पोचलीस. धक्क्याच्या शिडीवरून मला सगळं दिसतं. बस खाली. मी अंग पुसते तोवर बोल.

बोडिल : बोलायचं काय त्यात. पोहण्याचं मंडळ सोडतेय मी. हिवाळ्यात समुद्रात उतरणं माझ्या वयाला झेपत नाही, एवढंच. किती जणी नाव देऊन वाट बघतायत, त्यांतल्या एखादीला माझी जागा द्या.

आस्ता : झेपत नाही? ऑक्टोबरात पहिल्यांदा उतरलीस तेव्हा अशी किंचाळलीस की पलीकडच्या फेरीबोटीतली माणसं कठड्याशी आली. आणि नाताळाच्या तोंडावर बर्फ फोडून उतरलो तेव्हा सगळ्यांत शेवटी बाहेर कोण आलं? मला झेपण्याचं सांगू नकोस.

बोडिल : सिग्ने म्हणतेय, कोपनहेगनला ये. तिच्या घराजवळ एक छोटा फ्लॅट रिकामा होतोय.

आस्ता : तुझा आयनार गेल्यापासून तुझी लेक तेच म्हणतेय. आणि तू दर वेळी सांगतेस, तिथं मला ओळखतं कोण. आज काय नवीन झालं?

बोडिल : काही नाही.

आस्ता : काही नाही म्हणे. तुझे केस कोरडे आहेत. आज उतरलीच नाहीस. गेल्या बुधवारी सौनाच्या गरम खोलीत सगळ्या बसलेल्या, वीबेके तिच्या जावयाचं सांगत होती आणि तू मधेच उठून पळालीस. तिला वाटलं, बोडिल माझ्या बडबडीला कंटाळली.

बोडिल : अरे देवा! नाही गं! तिला असं वाटलं?

आस्ता : रडायचीच बाकी होती. मग कशाला पळालीस?

बोडिल : आस्ता, नको ना विचारू.

आस्ता : रोज सकाळी आपण एकमेकींसमोर उघड्या होऊन पाण्यात उतरतो. माझ्या पोटावरचे टाकेसुद्धा तुला पाठ असतील. आता लाजायला शिल्लक काय राहिलंय?

बोडिल : पोट.

आस्ता : काय पोट?

बोडिल : जातंय. म्हणजे... सारखंच. सकाळी उठले की पहिली धाव तिकडं. जेवले की धाव. दुकानात गेले तर आधी संडास कुठं आहे ते बघते, मग पाव बघते. नुसतं पाणी, आस्ता. नाताळाच्याही आधीपासून.

आस्ता : कर्म माझं. आणि जानेवारी संपत आला. डॉक्टरीण काय म्हणाली?

बोडिल : फोनच नाही केला.

आस्ता : का?

बोडिल : आयनारचं असंच सुरू झालं होतं.

आस्ता : हं.

बोडिल : त्यानं मला किती दिवस पत्ता लागू दिला नाही, ठाऊक आहे? आज काय, मासा बाधला. उद्या काय, कॉफी सोसत नाही. मी आपली ओटची लापशी करून घालत राहिले. आतड्यात काय आहे ते कळलं तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी अजून रागावलेय त्याच्यावर. थडग्यावर फुलं ठेवायला जाते ना, तेव्हासुद्धा आधी भांडून घेते.

आस्ता : आणि आता तू स्वतः काय करतेयस?

बोडिल : तेच.

आस्ता : तेच! फक्त तुझ्यावर ओरडायला घरात कुणी नाही. म्हणून मी ओरडते. इतके दिवस हे एकटीनं उरावर घेऊन बसलीस?

बोडिल : भीती वाटत होती गं. वाटलं, कोपनहेगनला जावं, तिथं मोठी इस्पितळं आहेत, काय व्हायचं ते तिथं होऊ दे. इथं राहिले तर तुम्हालाच सगळं करावं लागेल. आधीच किती केलंय तुम्ही. आयनार गेल्यावर मी कुणाला दारही उघडत नव्हते. तू मागच्या दारानं शिरलीस, माझ्या अंगावर टॉवेल फेकलास आणि म्हणालीस, चल. तो दिवस मी मरेपर्यंत विसरायची नाही. मला ह्या पाण्यानं आणि तुम्ही सगळ्यांनी वाचवलंय. त्याची फेड काय, माझं आजारपण तुमच्या गळ्यात बांधून करू?

आस्ता : फेड म्हणे. दुकान मांडलंय का आम्ही? बरं, खातेस काय सध्या?

बोडिल : नेहमीचंच. राय धान्याचा काळा पाव, चीज, बटाटे. कॉफीसुद्धा एकच कप.

आस्ता : आणि औषधं?

बोडिल : औषध कसलंच नाही. सर्दीसाठीचं घेते तेवढंच.

आस्ता : सर्दीसाठीचं म्हणजे काय?

बोडिल : व्हिटॅमिन सी. ते काही औषध नव्हे, संत्र्यात असतं तेच. सिग्ने म्हणाली होती, ह्या वयात बर्फाच्या पाण्यात उतरशील तर न्यूमोनियानं मरशील. म्हटलं, मी एकदा जरी शिंकले तरी ही मुलगी मला इथून उचलून नेईल. म्हणून अगदी नेमानं घेते.

आस्ता : किती घेतेस?

बोडिल : सकाळी ती पांढरी पावडर, चमचाभर, पाण्यातून.

आस्ता : कसला चमचा?

बोडिल : आधी चहाचा घ्यायचे. मग डिसेंबरात गावभर खोकल्याची साथ आली ना, तेव्हापासून सूपचा.

आस्ता : सूपचा! अगं बाई, त्या डब्यात एवढासा चमचा असतो, नखाएवढा!

बोडिल : मला डबा कुठं मिळाला? मला पिशवीत बांधून दिली.

आस्ता : आणि कुठल्या शहाणीनं दिली तुला पिशवीत बांधून?

बोडिल : तू.

आस्ता : मी?

बोडिल : पहिल्या दिवशी. माझे दात वाजत होते, बोटांना बटणं लागत नव्हती. तू म्हणालीस, रोज एक चमचा घे, हिवाळाभर शिंक यायची नाही. आणि खरंच नाही आली!

आस्ता : कशी येईल! अशा पोटानं शिंकायची हिंमत तरी होईल का कुणाची?

बोडिल : हसतेयस तू.

आस्ता : नाही हसत. एवढंच ना? का अजून आहे?

बोडिल : दुपारी वीबेकेच्या फसफसणाऱ्या गोळ्या. नाताळात तिनं लाल फीत बांधून नळ्याच्या नळ्या दिल्या. ग्लासात टाकली की कशी नाचते, बघायला बरं वाटतं. एक संपली की दुसरी टाकते.

आस्ता : त्यातही तेच असतं, बोडिल.

बोडिल : असेल. आणि निजताना आपल्या मंडळातल्या गेर्डानं दिलेली रानगुलाबाच्या फळांची भुकटी, दह्यातून. तिनं काट्यांत हात घालून स्वतः वेचली होती गं, मनगटं ओरबाडून निघाली होती तिची. ती कशी टाकून देऊ? शिवाय सिग्नेनं पाठवलेल्या चघळायच्या गोळ्या. त्या आपल्या येताजाता.

आस्ता : बाई, बाई, बाई!

बोडिल : एवढं काय झालं? जास्तीचं असेल ते जाईल की निघून.

आस्ता : जातंयच की निघून! तुला घेऊन धावतंय! शरीराला लागतं तेवढं ते ठेवून घेतं. उरलेलं आतड्यात बसून पाणी ओढत राहतं, मग होतात जुलाब. डब्यावर स्पष्ट छापलंय, जास्त घेऊ नका, पोट बिघडतं. पण डबा राहिला माझ्या कपाटात आणि पावडर गेली तुझ्या पोटात. मी कशी काय ही अशी बांधून दिली तुला!

बोडिल : म्हणजे... आयनारसारखं नाही?

आस्ता : ते मला कुठून कळणार? मी इतकी वर्षं शाळेत मुलांना जेवू घातलं, डॉक्टरकी नाही केली. पण हे सगळं आजपासून बंद. पावडर, गोळ्या, भुकटी, सगळं. आणि आत्ता माझ्यासमोर डॉक्टरणीला फोन लाव. आयनारचंही सांगायचं आणि सूपच्या चमच्याचंही सांगायचं.

बोडिल : आत्ता? तुझे केस ओले आहेत.

आस्ता : केसांनी बोलायचंय का तुला? लाव फोन.

बोडिल : आणि गेर्डानं विचारलं तर? वीबेकेनं विचारलं तर? वाईट वाटेल गं त्यांना.

आस्ता : त्यांना बरं वाटावं म्हणून तू जन्मभर संडासात बसणार?

बोडिल : मला नको म्हणता येत नाही तुम्हाला कुणाला. वाटतं, एकदा नको म्हटलं की पुन्हा कुणी विचारणार नाही. आयनार गेल्यावर घरात इतकं सामसूम होतं, आस्ता, की कुणी हातात काही ठेवलं तरी मला आधी रडू यायचं. मग ते काय आहे, किती घ्यायचं, कोण बघतंय!

आस्ता : लाव फोन. मी आहे इथं.

(तीन आठवड्यांनी. तोच धक्का, पोहून आल्यावर सौनात.)

बोडिल : अगदी सगळीकडून बघितलं त्यांनी. रक्त तपासलं, आतून नळी घालून बघितलं. काल डॉक्टरणीचा फोन आला. आतडं स्वच्छ. म्हणाली, तुमच्या वयाच्या मानानं फारच छान आहे.

आस्ता : आता त्याचा फोटो दिवाणखान्यात लावू नकोस म्हणजे झालं.

बोडिल : लावीनसुद्धा! पोट तर केव्हाच थांबलं होतं, तू सगळं बंद करायला लावलंस त्याच आठवड्यात. पण मनातली धाकधूक कुठं थांबते? काल फोन ठेवला, बटाटे उकडले, मासा तळला, वर पांढरा सॉस केला. पोटभर जेवले आणि खुर्चीतून उठलेच नाही. बाहेर काळोख पडला तरी बसून होते. काय सुख असतं गं, जेवून नुसतं बसून राहण्यात. मी तर मोठ्यानं देवाचे आभार मानले, आणि चर्चमध्ये कधी जाते मी?

आस्ता : नाताळात. केकसाठी. सिग्नेला सांगितलंस?

बोडिल : सगळं. आधी ओरडली, मग रडली. मग म्हणाली, त्या आस्ताशी मला बोलायचंय. म्हटलं, ती पाण्यात असते, नीट बोलायची नाही. तो फ्लॅट नको म्हणून सांगितलं तिला. सुट्टीत मुलांना घेऊन तीच येतेय.

आस्ता : शाब्बास.

बोडिल : आस्ता, तुझे उपकार कसे...

आस्ता : कसले उपकार? पिशवी मीच बांधून दिली होती.

बोडिल : दिलीस. पण दारात अडवून विचारलंसही तूच. आयनारला कुणीतरी असं अडवायला हवं होतं. मी अडवायला हवं होतं. मी आपली लापशी ढवळत बसले.

आस्ता : ती खायचा ना तो?

बोडिल : शेवटपर्यंत. दुसरं काही उतरायचं नाही घशाखाली, पण ती खायचा. वाटी पुसून.

आस्ता : मग झालं तर.

बोडिल : आज येताना त्याच्याकडे जाऊन आले. भांडले नाही.

वीबेके : आहात का गं आत? हाय हाय, काय गारठा! बोडिल! आस्तानं सगळं सांगितलं मला. माझ्याच गोळ्या गं! आणि मी मेली घरी जाऊन नवऱ्याला सांगत बसले, बोडिलला मी नकोशी झालेय! मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं ना...

बोडिल : तू नकोशी? तुझ्या जावयाचं पुढं काय झालं ते ऐकायचं राहिलंय माझं.

वीबेके : सांगते की! पण थांब, आधी हे. आता तुझं पोट नाजूक झालं असणार, म्हणून मी मुद्दाम करून आणलंय. आलं, हळद आणि सफरचंदाचं व्हिनेगर. एवढासा घोट घ्यायचा, रोज अनशापोटी...

आस्ता : वीबेके!

वीबेके : अगं, घरचं आहे! पोटाला इतकं चांगलं असतं!

बोडिल : नको, वीबेके.

वीबेके : नको?

बोडिल : नको. पण तू उभी का? ये, माझ्याशेजारी बस.