अंगठ्याला विश्रांती

क्वेकर्स हिलच्या फिजिओकडे माझा नंबर यायचा होता. मागच्या खुर्च्यांवर साठी ओलांडलेलं एक जोडपं बसलं होतं.

"आल्फ्रेड, इथे तरी ती हॅट काढ. लोकांना वाटेल, गाई हाकायला निघालास."

"इथून डायरेक्ट नेमबाजीच्या क्लबला जायचंय, आयरीन."

"हो ना! माणसं रिटायर झाली की बागकाम करतात. आमच्याकडे काउबॉय होतात."

"तुला नाही कळणार. आमच्या क्लबात जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर असतं. प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. घाई नाही, काही नाही."

"दर सॅटरडेला किती वेळा ओढतोस?"

"साठेक वेळा."

"वा! आणि इथे काय सांगितलंस? नारळ खवून अंगठा दुखावला."

"बंदूक म्हटलं की लोक उगाच घाबरतात गं."

"म्हणून फिजिओने तुझं नारळ खवणंच बंद केलं. घरात तेवढं एकच काम होतं तुला. तीन महिने खवणीवर मी बसतेय."

"पण अंगठ्याला विश्रांती दिली ना मी!"

"कधी?"

"महिना झाला, घोडा डाव्या अंगठ्याने ओढतो. स्कोअर उलट वाढलाय."

"डाव्या हाताने जमतं तुला?"

"एकदम मस्त. नो वरीज!"

तेवढ्यात दार उघडून फिजिओने हाक मारली, "आयरीन?"

"चल, तूही आत चल. माझं मनगट कशाने सुजलं, ते तूच सांग तिला. आणि संध्याकाळी दोन नारळ काढून ठेवते. डाव्या हाताने खव."