माणसं न काढणारा सुधाकर

सुनंदावहिनी, आणि ऑफिस लवकर सोडून अल बर्शाच्या या हॉलमध्ये जमलेल्या मित्रांनो,

सुधाकर गेला, आणि त्याच्याबद्दल बोलायला तुम्ही मला उभं केलंत. अवघड आहे हो. रडू येतंय म्हणून अवघड. आणि खरं सांगू? मला त्याचा हेवा वाटायचा, म्हणून जास्त अवघड. फोटोला हार घातलाय, तरी अजून वाटतो.

आम्ही दोघं एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर. न बांधलेल्या टॉवरांची चित्रं काढायचो, बिल्डरच्या ब्रोशरसाठी. आधी इमारत आणि तिच्यापुढचा चौक. मग सावल्या, माणसांच्यासुद्धा एकदमच मारून घ्यायचो. माणसं अगदी शेवटी. पिशव्या घेतलेली बाई, फुगा धरलेलं पोर. माणसं काढण्यात मी उस्ताद. सुधाकरची माणसं म्हणजे नुसते ठोकळे! म्हणायचा, 'दिनू, माझ्या चौकात तुझी चार माणसं पाठव ना.' मी पाठवायचो.

मग दोन हजार आठची मंदी आली. एका दुपारी मॅनेजर म्हणाला, 'खलास. प्रोजेक्ट बंद.' दोघांचीही चित्रं अर्धवट. चौक झालेला, सावल्या पडलेल्या, माणसं तेवढी बाकी. मी काय केलं? संध्याकाळपर्यंत बसून माणसं भरली. हातचं काम अर्धं टाकायचं नाही ना! सुधाकरने चित्र तसंच गुंडाळलं आणि घरी नेलं.

तसंच! आणि पुढे रास अल खोरच्या गोदामात बसून आयुष्यभर तेच काढलं. रिकामे चौक, थांबलेल्या क्रेन, लांबलचक सावल्या. माणूस औषधालाही नाही. लोक म्हणाले, अधिभौतिक चित्रकार. दिसतं त्याच्या पलीकडचं दाखवतो म्हणे. अहो, मीही तिथेच होतो! तीच खिडकी, तेच ऊन, तोच चहा.

आता इथली तरुण अतिवास्तववादी मंडळी बघा. कुणी वाळूत वितळणारा एसी काढतो, कुणी मेट्रोत बसलेला मासा. स्वप्नं ज्याची त्याची, पण मांडलीत सगळी सुधाकरच्या चौकात. तो त्यांना सांगायचा, 'विचित्र काही दाखवायचंय? आधी ओळखीची जागा रिकामी करा.' आणि माझी ईशा? माझी सख्खी मुलगी? सुट्टी आली की यल्ला, चला सुधाकरकाकांकडे! म्हटलं, 'अगं, घरात चित्रकार आहे.' तर म्हणते, 'बाबा, यू फिल एव्हरीथिंग. रिकामं काही ठेवतच नाही तुम्ही.' जीव जळणार नाही तर काय होईल?

काल वहिनींनी गोदाम उघडलं. ईझलवर शेवटचं चित्र. चौक, एक बाक, आणि बाकापाशी सावली. डावा खांदा पडलेला, हातात चहाचा कप. माझाच खांदा हो तो! वहिनी म्हणाल्या, 'भावोजी, इथला माणूस तुमच्याकडून काढून घ्यायचा होता त्यांना. म्हणायचे, ते दिनूच करू जाणे.'

मी ब्रश उचलला. मेल्या, ऑफिस सुटल्यावर कधी काही मागितलं नाहीस, आणि आता मागतोस? पण बघितलं तर चित्र पुरं होतं. माझ्यावाचून पुरं होतं. हेवा वाटावा इतकं सुंदर. ब्रश धुऊन ठेवला.

सुधाकर, तुझं ऐकलं नाही रे. तुझ्या बाकापाशी जागा रिकामीच ठेवली.

मित्रांनो, उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. आणि मला सवय आहे, मलाही मध्येच काही भरू देऊ नका.