मास्तरांचा ब्रेक

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं छोटे, तू होय! बोल, बोल. नाही गं, कसली झोपते, फाटकापाशी उभी आहे. ड्रायव्हिंग क्लासची गाडी न्यायला आलेत ना आज… हो, विमा कंपनीनं पाठवलाय, क्रेनवाला. तो खडखडाट येतोय ना तुला, त्याची साखळी आहे ती.

नाही, अजून नाही उचलली… कशी उचलणार? मास्तर आत बसलेत!

आत म्हणजे गाडीत… तुझे भावोजीच गं, दुसरे कोणते मास्तर आहेत आपल्याकडे?… चहा प्यायला म्हणून बाहेर गेले, मी खिडकीतून बघते तर हे दार उघडून आपल्या जागी बसलेले. शिकवणाऱ्याच्या सीटवर. पाय त्या जादा ब्रेकवर… हो ना, जातेय कुठे ती? आत अजून चिखलाचा वास येतोय. पण पाय ब्रेकवरच.

मी हाक मारली. म्हणाले, "हं." झालं. पूर आल्यापासून तेवढंच बोलतात. जेवलात का? हं. औषध घेतलंत का? हं. तोंडाला नुसतं कुलूप.

काय?… हो गं, टोटल लॉस म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीपेक्षा जास्त. सर्व्हेअर येऊन सांगून गेला… तेच तर! दोन रस्ते दिलेत त्यांनी. गाडी त्यांना देऊन टाका आणि पूर्ण पैसे घ्या. नाहीतर गाडी ठेवून घ्या, मग भंगाराचे पैसे कापून उरलेले देतील… नाही, सही नाही केली अजून. क्रेनवाल्याच्या हातात कागद आहे, माझ्या हातात पेन आहे आणि कानाला तू आहेस.

अगं हो, हो… देऊन टाक, देऊन टाक, ऐकलं मी! मीसुद्धा तेच ठरवलं होतं. मेकॅनिकनं स्पष्ट सांगितलं, ताई, ही रस्त्यावर काढू नका, वायरिंग कुजलंय, कधी बंद पडेल, कधी पेट घेईल, भरवसा नाही. त्याला काय खोटं बोलायचंय? दुरुस्त केली तर उलट त्याचाच फायदा.

तसं नाही गं… नव्या गाडीचा प्रश्नच नाही. नवी येणार, त्यात मी शिकवणार, हे ठरलेलंच आहे. डॉक्टरांनी मास्तरांना रस्त्यावरची शिकवणी बंद सांगितली आहे ना. गुडघा पार झिजलाय. झिजेल नाही तर काय, जन्मभर उजवा पाय ब्रेकवर तरंगत ठेवलाय माणसानं! घरी सोफ्यावर बसून बातम्या बघतात ना, तरी पाय दाबतात. परवा बातम्यांत कुठंतरी ट्रक वळत होता, ह्यांनी इथं ब्रेक मारला. माझं स्टूल पडलं.

हसतेस काय!… हो, हस बाई, हस. मलाही हसू येतं. पण मग रात्री वाटतं, गाडी गेली की हा माणूस दिवसभर करणार काय? माझा जीव तिथं अडकलाय. पैशात नाही.

ए, तू नको हां ते मनाला लावून घेऊस! त्या दिवशी आम्ही तुझ्याकडं जेवायला आलो नसतो तरी पाणी यायचं ते आलंच असतं… छे छे, दोष द्यायचाच तर मास्तरांच्या शिस्तीला दे. तुला नाही का सांगितलं मी? अगं, पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीतल्या लोकांनी एकेक गाडी ढकलून वर चढावर नेली. सगळ्यांच्या वाचल्या. आपली हलेचना! हॅंडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, चाकं फुटपाथकडं वळवलेली, वर मागच्या चाकाला दगड. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी लावलेली. समोरचा शिंपी म्हणतो, वहिनी, आठ जण लागलो, बैल जसा पाय रोवून उभा राहतो तशी उभी होती.

हो ना! आख्ख्या गावाला गाडी लावायला शिकवलं आणि आपलीच तेवढी बुडाली… नाही, त्यावर काहीच बोलले नाहीत. "हं" पण नाही.

थांब हां जरा… काय दादा?… हो, हो, कळतंय, तुम्हाला अजून गाड्या उचलायच्यात. पाच मिनिटं द्या. बसा ना त्या खुर्चीवर. चहा टाकलाय… हं, बोल छोटे. चांगला आहे गं बिचारा. मगाशी मास्तरांपाशी जाऊन म्हणाला, काका, उतरता का? मास्तरांनी त्याच्या क्रेनच्या चाकाकडं बघितलं आणि बोट दाखवलं. त्यानं निमूट जाऊन चाकाला दगड लावला.

काय म्हणालीस?… हो, मीच जाऊन हात धरून उतरवते आता. सही करते आणि मोकळी होते. तू म्हणतेस ते खरंच आहे, अंगणात सांगाडा ठेवून काय पूजा करायची? उंदीर होतील, डास होतील… अगं बाई!

नाही, नाही, काही झालं नाही. ती नर्स आली. शिकायला येते ती, लायसन्सच्या परीक्षेत दर वेळी नापास होते ती… तीच! चांगली सुई टोचते, हात कापत नाही, पण स्टिअरिंग धरलं की घामाघूम. गाडी जरा हलली की किंचाळते. तिला कळवायचंच राहिलं माझ्याकडून की गाडी बुडाली. पुरापासून दवाखान्यात जादा ड्यूट्या होत्या तिला, आज आली बघ ड्यूटी संपवून, तशीच गणवेशात.

अहो बाई, आज क्लास नाही… गाडी बंद… ऐकलं नाही वाटतं. छोटे, दार उघडलं तिनं. बसली! बसली की स्टिअरिंगवर!… चिखल लागेल ना गं त्या पांढऱ्या कपड्यांना. आता मास्तर काय सांगतात तिला कोण जाणे. हं म्हणतील आणि…

श्श. थांब. बोलू नकोस जरा.

अगं, मास्तर बोलतायत.

खरंच! "क्लच पूर्ण दाबा, बाई." ऐकू आलं मला. पहिला टाका म्हणतायत… टाकला. दुसरा… छोटे, खाली न बघता टाकला गं तिनं! रोज गिअरच्या दांड्याकडं असं बघायची, जणू साप आहे. तिसरा… आता उजवीकडं वळतायत… म्हणजे कुठं वळतायत, जागच्या जागी! आरशात बघितलं तिनं, हात दाखवला. हॉर्न तर मेलाय पुरात… अगं, ती तोंडानं वाजवतेय! पीं पीं! आणि मास्तर म्हणतायत, "इतका मोठा नको, पुढं शाळा आहे."

नाही गं, वेड नाही लागलं कुणाला!… हलत नाही ना गाडी! हलतच नाही म्हणून भीती नाही तिला. आपण उलटंच करत आलो बघ सगळ्यांचं. हातपाय बसायच्या आधीच रस्त्यावर काढायचं, मग बसा ओरडत. ही इथं अंगणात शेडखाली उभी राहिली, बॅटरी, पेट्रोल, सगळं काढून टाकलं, चारी चाकं विटांवर… आधी इथं मास्तरांकडं शिकायचं, हात बसला की मग नव्या गाडीत माझ्याकडं यायचं…

हो, पैसे कमी मिळतील. माहीत आहे… मग नवी जरा लहान घेऊ. नाहीतर वापरलेली घेऊ, मेकॅनिक बघून देईल. शिकणाऱ्यांना काय, ठोकणारच आहेत… उंदरांना पिंजरा लावीन गं! तू डासांचं नको सांगूस मला. ठरलं माझं. मगाशी ठरलं होतं ते आता मोडलं.

दादा!… अहो दादा, नाही न्यायची गाडी! आम्ही ठेवून घेतोय. कंपनीला मी आत्ता कळवते… हो, नक्की. चहा मात्र घेऊन जा, झाला असेल… बघ, हसतोय तो. म्हणतो, काकू, मला मगाशीच वाटलं होतं.

छोटे?… आहेस ना?… रागावलीस?

मास्तर? थांब, जवळ जाऊन बघते… अगं…

काही नाही गं… थांब, मला जरा… काही नाही, डोळ्यांत पाणी आलं उगीच. छोटे, मास्तर मांडी घालून बसलेत.

मांडी घालून! गाडीत! सीटवर दोन्ही पाय वर घेऊन, तो दुखरा गुडघासुद्धा मुडपून, जेवायला बसल्यासारखे. शेजारी बाई गाडी चालवतेय आणि ह्यांचा पाय ब्रेकवर नाही. लग्न झाल्यापासून मी हे कधी बघितलं नाही गं. तुला शपथेवर सांगते, कधी नाही.

हं… रड. मीही रडतेय. दोघी बहिणी वेड्याच… पूस आता, पूस. आणि ऐक, आता तुझी पाळी… तुझीच! तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना? त्यांना दवाखान्यात ने-आण कोण करणार, मी?… शेजाऱ्यांना किती वेळा सांगशील? तुमची गाडी दारात धूळ खात उभी आणि तू रिक्षा शोधत फिरणार…

माहीत आहे, माहीत आहे काय झालं होतं! शिकायला आली होतीस तेव्हा वळणावर दोन्ही हात सोडून डोळे मिटून घेतले होतेस. मास्तरांनी ब्रेक मारला म्हणून आज फोनवर आहेस. नंतर कानाला खडा लावलास, कितीदा सांगितलंस मला. पण ही हलत नाही गं छोटे. डोळे मिट, हात सोड, किंचाळ, काय वाटेल ते कर. आहे तिथंच राहणार. आठ जणांना नाही हलली, तुला काय हलतेय!

बघते-बिघते नाही. रविवारी ये… सकाळी… जुने कपडे घाल, वास जाईपर्यंत दिवस लागतील… काय म्हणालीस? परत म्हण… येतेस? खरंच येतेस?… अगं माझी शहाणी गं ती!

हो, सांगते त्यांना. अहो, छोटी येतेय रविवारी शिकायला!… ऐकलंस? "हं" नाही म्हणाले. म्हणाले, "तिला सांग, आधी आरसा नीट करायचा." सुरू झाली मास्तरकी.

चल, ठेवते आता… मला बोलावतायत. मागची सीट रिकामी आहे म्हणे… कुठं म्हणजे? गाडीत! नर्सबाई चौथ्या गिअरला पोचल्यात, आता थांबायच्या नाहीत. जरा एक फेरी मारून येते गं. ठेव.